अकरा मोटारी, एक बॅटरी

मार्च लागला, रस्त्यानं जाणाऱ्या पोरांच्या हातात पॅड दिसायला लागली, की माझी भूक मरते. खरंच सांगतो. साठी उलटली, माझा स्वतःचा परीक्षेशी संबंध दहावीतच संपला, तरी सकाळी चहाच्या कपासमोर पोटात गोळा येतो. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, हसते. "परीक्षा मी दिली, आणि पोट तुमचं बिघडतंय अजून," म्हणते. बिघडणारच! त्या वर्षी मी जेवढा घाबरलो होतो तेवढा शॉक बसल्यावरसुद्धा कधी घाबरलो नाही, आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायच्या धंद्यात शॉक काही थोडे बसत नाहीत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. अंथुर्ण्याच्या शिवारात, गावापासून थोडी बाजूला आमची वस्ती. चार घरं, पुढं कडुलिंब, मागं ऊस. फेब्रुवारी सरत आला की सकाळचा गारवा आठ वाजेपर्यंतच टिकायचा. आंब्याला मोहोर. भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या अंगानं वारं सुटलं की मळीचा तो आंबूस वास घरात शिरायचा, अंथरुणालासुद्धा लागायचा. बाहेरच्या पाहुण्याला मळमळायचं आणि आम्हाला त्याच्याशिवाय हिवाळा संपल्यासारखं वाटायचं नाही. रस्त्यावर ऊस भरलेल्या बैलगाड्या, त्यांच्या मागं मोडकी कांडी गोळा करणारी पोरं. आणि आमच्या घरात, या सगळ्याच्या मधोमध, बारावीचं इंग्रजी.

सुनंदा अकरावी पास होऊन आमच्या घरात आली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "मला बारावी करायची हाय. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतंय." मी म्हणालो, बस की. माझं काय जात होतं! पण घर आबांचं. आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलेला माणूस. मग मेंढरं विकून विहीर पाडली, ऊस लावला, तरी चाल तीच राहिली, काठी खांद्यावर आडवी टाकून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि निकाल दिला.

"एक डाव. पास झाली तर पुढं काय शिकायचं ते शिकू दी, मास्तरीण हू दी. न्हाय झाली तर पुस्तकं बांधून माळ्यावर. पुन्यांदा नाव काढायचं न्हाय."

बाकीच्या विषयांची सुनंदाला धास्ती नव्हती. इतिहास तर ती शेजारणीच्या भांडणासारखा रंगवून सांगायची. इंग्रजी मात्र डोंगर. धार काढताना स्पेलिंगं पाठ करायची, आणि हळूहळू अशी वेळ आली की म्हशीला त्याची सवय लागली. आई धारेला बसली तर म्हैस पान्हा चोरायची. गोठ्याची भिंत कोळशानं लिहिलेल्या शब्दांनी काळी झाली. पण भिंतीवर शब्द मावतात, निबंध मावत नाही. त्याला बसून लिहावं लागतं. आणि तिला बसायला मिळायचं कधी? सगळ्यांची जेवणं झाली, भांडी झाली, की सात ते दहा. आणि नेमकी त्याच वेळेला लाइट नसायची!

लाइटीचा तेव्हा आमच्याकडं नेमच होता. दुपारी बाराला यायची, सातला जायची, ती थेट दुसऱ्या दिवशी बारालाच. चिमणीच्या उजेडात सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, कपाळ ठणकायचं. नाकपुड्या आतून काळ्या व्हायच्या. मी भवानीनगरला मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवणारा, पंचक्रोशीत नामदेव मिस्त्री म्हणून ओळखला जाणारा गडी, आणि माझ्या बायकोनं चिमणीपुढं डोळे फोडून घ्यायचे? छे! मी ठरवलं, इन्व्हर्टर करायचा. विकत मिळायचे, पण ते बारामतीच्या डॉक्टरांच्या नाहीतर वालचंदनगरच्या साहेबांच्या घरात. मी स्वतः करणार होतो.

केला. पत्र्याचा डबा, आत हातानं गुंडाळलेला जाडजूड ट्रान्सफॉर्मर, एक रिले, आणि खाली ट्रकची जुनी बॅटरी. आजही दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "मिस्त्री, ही बॅटरी भरतीय कशी?" तेव्हा मी जे सांगतो ते तेव्हाही सुनंदाला सांगितलं होतं, छाती फुगवून. लाइट गेली की बॅटरीतला बारा व्होल्टचा करंट ट्रान्सफॉर्मरमधून चढतो, दोनशेतीस होतो, ट्यूब पेटते. लाइट आली की रिले टक् करतो आणि कारभार उलटा फिरतो. तोच ट्रान्सफॉर्मर आता बाहेरचे दोनशेतीस उतरवून चौदाच्या आसपास आणतो आणि करंट बॅटरीत शिरतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत बाराच घालून भागत नाही, तिच्यापेक्षा थोडा जास्त जोर लागतो. टाकी भरायची तर पाइपातल्या पाण्याला टाकीच्या उंचीहून जास्त जोर लागतो, तसंच. भरत आली की आत बारीक बुडबुडे उठतात. कान लावला तर सुरसुर ऐकू येते, आणि एक आंबट वास येतो. तो वास मला अजून आवडतो. सुनंदा म्हणते, माणसाला कशाचा वास आवडावा याला काही सुमार हाय का?

पहिल्या दिवशी सात वाजता अख्खं शिवार काळोखात गेलं आणि आमच्या खिडकीत पांढरी ट्यूब. चार घरांतली माणसं ओट्यावर बघायला जमली. सुनंदानं वही उघडली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घालून लिहायला लागली. आता काय सांगू, लग्नातसुद्धा मला एवढं नवरदेव झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

चार दिवस. चारच दिवस ते सुख. पाचव्या दिवशी ट्यूब तासाभरात पिवळी पडली. सहाव्या दिवशी अर्ध्या तासात फडफडून विझली. सुनंदानं चिमणी पुसायला घेतली.

मी बॅटरीवर घसरलो. जुनीच होती, म्हटलं प्लेटा गेल्या असतील. दुसरी आणली. तीही चार दिवसांत बसली. मग डिस्टिल वॉटर बदललं. मग वायरी. मग, देवा रे, सुनंदावर घसरलो. म्हटलं तू दुपारी इस्त्री-बिस्त्री लावतेस काय त्याच्यावर? इस्त्री आमच्या घरात कोळशाची होती.

"अहो, मी काय सांगते ते ऐका तर," ती म्हणाली. "दुपारी लाइट आली की तुमचं डबडं टकटक करतंय. थांबतंय, पुन्हा टकटक. आणि दुसरं म्हंजी, सैपाकघरातला बल्ब त्या येळंला निखाऱ्यावाणी लाल, आन आबांचा पंखा मात्र भिरभिर. ह्ये कसं काय?"

"ते चार्ज होत असतंय. तुला त्यातलं काय कळतंय?" मी म्हणालो.

ह्या वाक्याची मला आज लाज वाटते. तिनं तीन वेळा सांगितलं, मी तीन वेळा हेच म्हणालो. शेवटी तिनं इंग्रजीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: बारा वाजून दोन मिनिटं, टक. बारा पाच, टक. बारा सहा, बल्ब लाल. आणि ते पान फाडून माझ्या डब्यात, भाकरीवर ठेवलं. दुकानात डबा उघडला आणि भाकरी तशीच ठेवून ते पान दोनदा वाचलं. परीक्षेला नऊ दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही, बाराच्या आधीच बॅटरीपुढं मांडी ठोकून बसलो.

बाराला लाइट आली. रिले टक् झाला. मीटर लावला: दोनशे वीस. करंट बॅटरीत शिरायला लागला. म्हटलं, बघ, चाललंय की! तेवढ्यात बाहेर शिवारातून आवाज उठला. एक मोटार घुं झाली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. मीटरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत घसरत गेला. दोनशे, एकशे ऐंशी, एकशे पन्नास. टक्! डब्याला वाटलं लाइटच गेली. एकशे सत्तरच्या खाली गेलं की लाइट गेली समज, असं मीच त्याला शिकवलेलं. भरायचं सोडून तो उलट बॅटरीतनं करंट काढायला लागला. आणि त्या करंटवर काय चाललं होतं? आबांच्या उशाचा पंखा! तोही मीच त्या डब्याला जोडलेला. आबा पालथे पडून घोरत होते. म्हणजे जी दुपार बॅटरी भरायची, तीच दुपार तिला रिकामी करत होती.

आमच्या डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, अकरा मोटारी. आणि लाइट आली की एकाच मिनिटात अकराच्या अकरा कशा सुरू होतात? तर स्टार्टरला ऑटो लावलेला. बाहेरच्यांना सांगतो, ऑटो म्हणजे एक छोटी डबी. लाइट आली की तीच स्टार्टरचं बटण दाबते, शेतकऱ्याला विहिरीवर जावं लागत नाही. फार सोय. ज्याच्या त्याच्या विहिरीवर ऑटो. सुनंदा माझ्या मागं उभी होती.

"ह्ये अकरा ऑटो कुणी बसवले वं?" तिनं विचारलं.

मी मीटरच्या वायरी गुंडाळायला लागलो.

"न्हाय, आपलं इचारलं. आमाला त्यातलं काय कळतंय!"

आणि मग ती हसायला लागली. चुलीपुढं बसून, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. अकराच्या अकरा मीच बसवलेले! दोन वर्षं गावभर हिंडून, एकेकाला पटवून. मी पण हसलो, पण हसता हसता तिचा आवाज बदलला आणि ती म्हणाली, "आठच दिस राह्यल्यात." मग मला हसू येईना.

बॅटरीला रोज दोन तास नीट मिळाले असते तरी संध्याकाळचे तीन तास ट्यूब जळाली असती. हिशोब सोपा होता. फक्त अकरा जणांनी बारा ते दोन मोटार बंद ठेवायची. मी मागच्या मळ्यातल्या दशरथतात्यांकडं गेलो. तात्या बांधावर उभे होते, उसाची पानं गुंडाळायला लागलेली.

"नामदेवा," तात्या म्हणाले, "सात तास तर लाइट. त्यातलं दोन तास तुला देऊ? माझा ऊस बघ. इंग्रजी घालू का त्याच्या मुळाला? आन पयलं तुझ्या बापाची मोटार बंद कर, मग माझ्याकडं ये."

तात्यांचं काय चुकलं? त्या उन्हात दोन तास पाणी म्हणजे थट्टा नव्हती. आज माझ्या पोराचं ठिबक आहे, फोनवरून मोटार सुरू होते, तो हे ऐकून म्हणतो, एवढं काय त्यात. त्याला ते गुंडाळलेलं पान कसं दाखवू? मी परत आलो. आबांना जागं करून सांगितलं. सगळं सांगितलं, ऑटोचं, मोटारींचं, आणि पंख्याचं पण. मला वाटलं भडकणार. "माझी मोटार बंद करायची न्हाय" एवढं ऐकायची मी तयारी ठेवली होती.

आबा उठून बसले. पंख्याकडं बघितलं.

"म्हंजी," ते म्हणाले, "पोर रोज राच्याला त्या चिमणीपुढं डोळं पुसती, ती माझ्या वाऱ्यापायी?"

"तसं न्हाय आबा, मोटारी..."

"मोटारीचं मागनं सांग. पंख्याचं खरं हाय का न्हाय?"

"खरं हाय."

त्यांनी पंख्याची पिन स्वतः उपसली. मग काठी उचलून भर उन्हात बाहेर पडले. त्या दिवशी ते वस्तीवस्तीवर कुणाशी काय बोलले, मला आजपर्यंत कळलेलं नाही. तात्यांना पुढं विचारलं तर ते म्हणाले, "तुझा बाप जलमात पयल्यांदा माझ्या दारात बसून पानी प्याला. न्हाय कसा म्हनू?" दुसऱ्या दिवशी अकराला मी पिशवीत पकड घेऊन निघालो आणि स्वतःच्या हातांनी बसवलेले ऑटो स्वतःच्या हातांनी काढत फिरलो. असा उलटा धंदा कुणी केला नसेल.

आणि मग त्या दुपारी सुरू झाल्या. मला ऋतू आठवतो म्हणजे हेच आठवतं. बारा वाजले, लाइट आली, आणि शिवार गप्प. इतकं गप्प की कडुलिंबाचं पान पडलेलं ऐकू यावं. एरवी ज्या वेळेला अकरा विहिरी घुमायच्या, त्या वेळेला लांबून कारखान्याचा भोंगा, कुणाच्या तरी कोंबडीचा कलकलाट, आणि घरात त्या डब्याची संथ गुणगुण. आबा डीपीच्या सावलीला घोंगडं टाकून बसायचे, मेंढरं राखावीत तसे. कुणी विसरून विहिरीकडं चालला की नुसती काठी वर करायचे. दोन वाजले की उठून हाळी द्यायचे, "सोडा रं!" आणि मग अकरा मोटारी एकदम सुटायच्या. त्या दोन तासांत मी बॅटरीपाशी बसायचो. दुकान? दुकानाला कोण विचारतंय! सुरसुर सुरू झाली की सुनंदाला हाक मारायचो. ती पिठाच्या हातानं यायची, कान लावायची, "भरली वाटतं," म्हणायची. ती बरोबर असायची, हे मी शिकलो होतो.

इंग्रजीचा पेपर पहिलाच. आदल्या दिवशी बॅटरी काठोकाठ भरली. सात वाजत आले तशा सगळ्यांनी आपापल्या मोटारी बंद केल्या. आम्ही सगळे लाइट जायची वाट बघत बसलो, आणि लाइट गेलीच नाही! साडेसात झाले, आठ झाले. वीज बोर्डाला त्या दिवशी काय सुचलं कुणास ठाऊक. एवढ्या दिवसांचा खटाटोप आणि बॅटरी नुसती बसून. मी तर रडकुंडीला आलो. तेवढ्यात बांधावरनं तात्यांची हाक आली, "आबाराव! लाइट हाय की रं! मोटार सोडू का? ऊस तापलाय!"

बरोबरच होतं. फुकटची लाइट मिळाली होती, उसाला पाणी पाजायला याहून चांगली वेळ नव्हती. मी खुणेनं सांगितलं, सोडू द्या, बॅटरी आहे की. पण आबांचा आता माझ्या डब्यावर भरवसा नव्हता. ते ओट्यावरनं ओरडले, "थांब की वाईच! पोरगीचं लिवून हू दी!"

आणि तात्या थांबले. अकराच्या अकरा थांबले. दहा वाजेपर्यंत आमच्या डीपीवर एक मोटार सुरू झाली नाही. सुनंदा आत लिहीत होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण मध्येच तिची लेखणी थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. दहाला तिनं वही मिटली आणि स्वतःच दारात येऊन म्हणाली, "झालं. सोडा म्हनावं." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही बारामतीला गेलो. तीन तास मी सेंटरच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होतो आणि एक घोटसुद्धा घशाखाली गेला नाही. बाहेर आली तेव्हा विचारलं, कसा गेला? "बरा," म्हणाली. एवढंच.

निकाल जूनमध्ये लागला. सुनंदा इंग्रजीत नापास झाली. सव्वीस.

पुढं ती पास झाली, डीएड झाली, तीस वर्षं पोरांना शिकवून परवाच रिटायर झाली, हे इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला मार्च आला की ते काही आठवत नाही. मला तो जूनचा दिवस आठवतो. बाकीच्या विषयांत चांगले मार्क, आणि तेवढ्या एका खणात सव्वीस. बारामतीहून परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. रडली नाही. घरी आल्यावर हातपाय धुतले, चहा टाकला, आणि मग कोपऱ्यातली पुस्तकं काढून फडक्यात बांधायला लागली. मला म्हणाली, "माळ्यावर ठेवा. माझा हात पोचत न्हाय." मला तिथंच रडू फुटलं. मला, गावच्या मिस्त्रीला. आबांच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. शब्द त्यांचा होता, आणि शब्द बदलल्याचं त्या माणसाला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

आबा ओट्यावरनं आत आले. गाठोड्याकडं बघितलं. तंबाखू मळायला घेतली, मग तशीच पुन्हा डबीत टाकली.

"ही परीक्षा पुन्यांदा कवा असती?" त्यांनी विचारलं.

मग मीच म्हणालो, "ऑक्टोबरात. नुसत्या इंग्रजीची."

आबांनी बोटांवर महिने मोजले. जून, जुलै, ऑगस्ट. मग मान हलवली.

"ऑक्टोबरात पाऊस असतुय," ते म्हणाले. "कुनाचीच मोटार चालू नसती. लाइट चांगली मिळंल. सोड ती गाठ, पोरी."

आणि एसटीत न रडलेली सुनंदा गाठोडं पोटाशी धरून हमसून हमसून रडायला लागली. आबा गडबडून गेले. माझ्याकडं बघून म्हणाले, "आता हिला काय झालं रं? म्या काय वंगाळ बोललो का?"